सत्यवतीकाकीच्या पडद्यातला दर्या

मालवणच्या बाजारात मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं ते दोन हजार एक साली. पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात आलं की माझं खरं भांडवल म्हणजे इथला खारा वारा. पुण्यात दहा वर्षं सुखाने चालणारं मशीन इथे तीन वर्षांत आतून हिरवट पडतं, स्क्रू गंजतात, पंखे कुरकुरतात. आणि गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, जणू मीच त्यात चिमूटभर मीठ टाकून गेलोय. मी मूळचा वालावलचा, मास्तराचा मुलगा, त्यामुळे उलट बोलायची सवय उपजतच. पण खाऱ्या वाऱ्याशी कुणी भांडावं?

दांडीच्या किनाऱ्यावरच्या सत्यवतीकाकीचं मशीन मात्र गंजत नव्हतं. ते का गंजत नाही, हे मला दोन वर्षं कळलं नाही आणि कळलं तेव्हा मी तिच्यावर ओरडलो. त्याची लाज अजून वाटते.

काकी मासे विकायची. पन्नाशी ओलांडलेली, सडसडीत, कपाळावर गोंदण. नवरा गेल्यावरही तिने ते ठळक हिरवं गोंदण कधी पदराने झाकलं नाही. तिच्याशी भाव करायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. एकदा एका बँकेतल्या साहेबाने बांगड्याचा कल्ला उघडून उघडून बघितला, तर म्हणाली, "बांगडो तो, मेलेलोच आसा. नाडी कित्या बघतास?"

दोन हजार चारच्या दिवाळीनंतर ती रिकामी पाटी काखेत घेऊन माझ्या दुकानात आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "सर्वेशा, माझ्या दर्यात धुका पडता. येवन बघ मगे."

मला वाटलं, बाईचं डोकं उन्हाने तापलंय. दुसऱ्या दिवशी गेलो, तर तिच्या पडवीत, जाळ्यांच्या ढिगाशेजारी, लाकडी फळीवर एक कॉम्प्युटर होता. बाजारातलं गेमचं दुकान बंद पडलं तेव्हा तिच्या मुलाने, प्रितमने, ते मशीन जुनं म्हणून उचललं होतं. तेव्हा तो बारावीला होता आणि दिवसभर त्या पडद्यात बुडालेला असायचा. मग त्याचे वडील गुरुदास दोन दिवसांच्या तापात गेले. प्रितमने पुस्तकं माळ्यावर टाकली आणि वडिलांची होडी धरली. खेळायचं मशीन पडवीत तसंच राहिलं, आणि त्यावर आई बसायला लागली.

त्यात एक गलबताचा खेळ होता. आपण कप्तान व्हायचं, या बेटावरचा माल त्या बेटावर न्यायचा, वाटेत चाचे आले तर तोफा डागायच्या. काकीला मालाशी आणि तोफांशी कर्तव्य नव्हतं. चाचे दिसले की ती त्यांना दोन सणसणीत शिव्या घालायची आणि गलबत बाजूने काढायची, आणि बहुतेक वेळा ते निभावूनही जायचं. दुपारी बाजार उठला की घरी यायचं, आमसुलाने हात चोळून धुवायचे, तरीही बांगड्याचा वास येणारी बोटं कीबोर्डवर ठेवायची आणि गलबत सरळ बाहेर हाकायचं. एवढाच तिचा खेळ.

"आता बघ हां," ती म्हणाली. बंदर मागे पडलं. मागचा डोंगर, त्यावरची झाडं, सगळं थोडा वेळ दिसलं आणि मग राखाडी धुकं आलं आणि सगळं पुसून गेलं. पुढे धुकं, मागे धुकं आणि मध्ये निळ्या पत्र्यासारखं सपाट पाणी. आणखी थोडं पुढे गेल्यावर मशीन जागच्या जागी थिजलं.

"बघलंस? हंयच बंद पडता."

मी तिला समजावून सांगितलं. चित्रं काढायचं काम मशीनच्या आत एक कार्ड करतं, ते जुनं झालंय. लांबचं सगळं चितारायची त्याला ताकद नाही, म्हणून खेळ बनवणारे हुशारीने लांबवर धुकं घालून ठेवतात. झेपेल तेवढं दाखवायचं, बाकी झाकायचं. नवं कार्ड घातलं तर धुकं जाईल आणि पाणी पाण्यासारखं दिसेल.

"मगे घाल," ती म्हणाली, जणू मी खिशातच घेऊन फिरत होतो.

"पण काकी, तुका बघूचा काय आसा थंय?"

तिने पदराने पडदा पुसला. "जमीन दिसनाशी झाली काय दर्यो कसो दिसता, ता. माझो घोव तीस वर्सां थंय जाय होतो. माका एकदा बघूचा आसा."

त्यांच्यात बाया जाळी विणतात, मासळीचे वाटे घालतात, होडीची पूजा करतात, पण होडीतून बाहेर दर्यात जात नाहीत. जन्म पाण्याच्या काठावर गेला आणि काकीने किनारा कधी समुद्राकडून बघितला नव्हता. गुरुदासला ती नव्या नवलाईच्या दिवसांपासून विचारायची, थंय कसां आसता? तो म्हणायचा, "कायेक नसता. पाणी आनी पाणी." आणि हसून पुढे म्हणायचा, "तुझी याद येवक थंय जागाच नाय गो." त्याची ती थट्टा होती, काकीलाही कळायचं. पण तीस वर्षं तीच थट्टा ऐकली की माणूस आतून थोडंसं ती खरी धरायला लागतं.

मी कामाला लागलो, आणि ते काम मी समजलो होतो तेवढं सोपं नव्हतं. जुन्या मशीनला नवं कार्ड बसवणं म्हणजे जुन्या होडीला नवं इंजिन जोडणं. खाच जुळली पाहिजे. बाजारात येणाऱ्या नव्या कार्डांची खाच बदलून गेली होती. काकीचं मशीन आधीच म्हातारं आणि जुळणारी कार्डं दिवसेंदिवस दुर्मिळ. मी कुडाळला विचारलं, सावंतवाडीला विचारलं. दरम्यान काकी भेटेल तिथे, भर बाजारात, लांबूनच हाक मारायची, "सर्वेशा, धुका गेला काय रे?" आणि लोक आभाळाकडे बघायचे.

दोन हजार सहाच्या आषाढात पणजीच्या एका दुकानदाराकडे मला तसं कार्ड सापडलं. एकच होतं, तेही खोक्याविना, कपाटाच्या मागच्या बाजूला पडलेलं. मी ते शर्टाच्या आत धरून एसटीने आणलं. बाहेर पाऊस काचा फोडू बघत होता. स्टँडवरून थेट दांडीला गेलो.

काकीने कार्ड दोन्ही हातांवर घेतलं, उजेडाकडे करून बघितलं, त्याचा छोटा पंखा बोटाने फिरवला. डोळे चमकले. आणि म्हणाली, "बरां झाला. नारळी पुनवेक बसवया."

"नारळी पुनवेक? अजून महिनो आसा!"

"मगे? पावसात कोण होडी घालता पाण्यात?"

तेव्हा माझं लक्ष मशीनकडे गेलं. ते विणलेल्या माडाच्या झापांनी शाकारून ठेवलं होतं, बाहेर किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या शाकारतात अगदी तसं. प्रितम दाराशी जाळं शिवत बसला होता. तो म्हणाला, "दर वर्सा करता ती. जून लागलो काय तिचो दर्यो बंद."

मी भिजलेलो, उपाशी, एसटीत दोन तास उभा. मी म्हटलं, "काकी, ह्या पेटयेतल्या दर्यात पाऊस पडना नाय!"

"तुका काय म्हायत? तू गेल्लंस थंय?" ती म्हणाली आणि मला पेज वाढली. विषय संपला. देवापुढे नारळ ठेवल्याशिवाय, दर्याला नारळ दिल्याशिवाय तो उघडत नाही. त्यात पेटीतला आणि बाहेरचा असा भेद तिच्याकडे नव्हता.

नारळी पौर्णिमेला माझ्या दुकानात गिऱ्हाईक होतं, मला निघायला उशीर झाला. मुहूर्त टळू नये म्हणून प्रितमने कार्ड स्वतःच बसवलं. होडीचं इंजिन उघडून परत बसवणाऱ्या माणसाला चार स्क्रूंचं काय? मी पोचलो तेव्हा मशीनला झेंडूची माळ होती, पुढे फोडलेला नारळ, उदबत्ती, आणि पडदा काळाकुट्ट. काकी पाटावर बसून त्या काळ्या पडद्याकडे टक लावून बघत होती.

मी झाकण काढलं, कार्डाला हात घातला आणि ते माझ्या बोटांतून सुळकन निसटलं. परत धरलं. बोटं नाकाशी नेली. खोबरेल.

"ह्येका तेल कोणी लावला?"

"मी," काकी म्हणाली. "महिनोभर पडून रवतला, खारो वारो लागतलो. तांदळाच्या डब्यात ठेवलंय आनी दर सोमवारी तेल लावलंय. माशाचा नाय हां, वास येयत म्हणान खोबऱ्याचा."

मग मी दिवा लावून आत नीट पाहिलं. मशीनचा पत्रा, आतले स्क्रू, कोपरे, सगळ्यावर तेलाचा पुसट हात होता. दोन वर्षांचं कोडं सुटलं. तिची माणसं पावसाळ्यात होडीच्या लाकडाला तेल पाजतात, इंजिनाला तेल चोपडतात, तसंच तिने हेही जपलं होतं. पत्र्याला ते मानवलं होतं. पण कार्डाच्या ज्या सोनेरी दातांतून वीज जाते ते दात, आणि ते बसतात ती खाच, तेलाने बुजली होती. वर पंख्यावर हळदकुंकू.

मी ओरडलो. काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. असलं कार्ड आता कुठेही मिळणार नाही, मी दोन वर्षं वणवण केली, आणि तुम्ही त्याला डोक्याला चोपडतात तसं तेल चोपडलंत, असं बरंच. भर बाजारात साहेबांना गार करणारी ती बाई हात मांडीवर ठेवून बसली आणि हळूच म्हणाली, "माझ्याच हातान घालवलंय मगे."

तो आवाज ऐकला आणि मला माझ्याच तोंडाचा राग आला. मी खाली बसलो. "थांब काकी, बघतंय," म्हटलं.

माझ्या पिशवीत स्पिरिट होतं. ब्रशने खाच धुतली, कापूस फिरवून कार्ड पुसलं, पंख्याच्या पात्यांतलं कुंकू काढलं. दातांवर तरीही एक पिवळी साय राहिली होती. ती काढायला या धंद्यातलं सर्वांत भारी हत्यार लागतं, ते म्हणजे खोडरबर. प्रितमने माळ्यावरून त्याची शाळेची कंपासपेटी काढली. तळाशी एक अर्धवट झिजलेला खोडरबर होता. मी एकेक दात घासत बसलो. रबराचा चुरा पाटावर पडत होता. काकी तो बोटाने गोळा करत होती, जणू त्यातही काही वाया जायला नको.

कार्ड बसवलं, बटणाला हात नेला आणि वीज गेली. भारनियमन. आता चारपर्यंत बसा.

मग आम्ही बसलो. ती दुपार मला अजून आठवते, आणि आठवली की ती कुणाच्या तरी दुसऱ्याच्या स्वप्नातली वाटते. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. अंगणातल्या वाळूतून वाफ निघत होती. लांब बंदरावर ढोल वाजत होते, वारा फिरला की ऐकू यायचे, परत फिरला की नाहीसे व्हायचे. काकीने नारळीभात वाढला. पडवीतल्या जाळ्यांमधून ऊन गळून भिंतीवर त्याचे चौकोन हलत होते. भिंतीला टेकून मी अर्धवट पेंगत होतो आणि काकी बोलत होती.

"पहाटेक माझो घोव जाय तेवा मी वाळयेर जायंय," ती म्हणाली. "होडी बारकी बारकी जाय. मगे दिसनाशी जाय. ती दिसनाशी झाली काय मी पाठ फिरवन घराक. पाटी भरूची आसायची, झील शाळेत धाडूचो. माका तो दिसना नाय म्हणजे तेकाय मी दिसनंय नाय, झाला, सरला. इलो काय तो विचारायचो, गो, कदी गेलंस घराक? मी सांगायचंय, होडी दिसनाशी झाली तेवाच. तो नुसतो 'हां' म्हणायचो."

तिने भाताचं शीत पाटावरून उचललं. "तीस वर्सां ह्याच विचारल्यान. कित्या विचारी, देव जाणे."

चार वाजले. आत घरातला पंखा गरगरला, वीज आली. मी मनातल्या मनात वालावलच्या लक्ष्मीनारायणाला गाऱ्हाणं घातलं, आणि मी काही तसा भाविक नाही. बटण दाबलं. पडदा काळा राहिला, राहिला, आणि मग एका बिंदूने उजळला.

काकीने हात जोडले. मग उठली, आमसुलाने हात धुऊन आली आणि बसली.

बंदर उघडलं. पाणी हलत होतं. त्याला खोली होती. वरून हिरवं, आत निळं, लाट उलटताना तिच्या कडेला उजेड धरत होता. गलबताची सावली पाण्यात मोडून परत जुळत होती. त्या प्रकाशाने काकीच्या चेहऱ्यावर, गोंदणावर, पाठीमागच्या जाळ्यांवर लाटा उठल्या. काकीने पडद्याला हात लावला आणि बोटांकडे बघितलं, ओली झालीत का म्हणून.

तिने गलबत बाहेर हाकलं. धुकं जिथे यायचं ती जागा आली आणि गेली. धुकं आलं नाही. मशीन थिजलं नाही. बंदरातल्या होड्या ठिपके झाल्या आणि संपल्या. धक्क्यावरची माणसं संपली. काकी मधूनमधून मागे वळून बघायची, पुढे जायची, परत वळून बघायची.

"जमीन जायना नाय रे," ती म्हणाली.

खरंच जात नव्हती. होड्या, घरं, धक्का, सगळं केव्हाच बुडालं होतं. पण डोंगर होता. त्याच्या उतारावरची माडांची रेघ होती. पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं ती सरळ बाहेर जात राहिली आणि डोंगर बारीक होत, निळा होत तिथेच राहिला.

काकीने बोट उचललं. गलबत पाण्यावर हलत उभं राहिलं. तिने प्रितमकडे न बघताच विचारलं, "प्रितम, खरां असांच दिसता?"

"असांच," प्रितम म्हणाला. "वाळयेरसून होडी दिसनाशी जाता, पन होडयेतसून डोंगर खूप वेळ दिसता. आपले माडय दिसतत."

"आनी मी?"

"माणूस खंयचा दिसता आये? पन खंय उबी आसस ता कळता, त्या माडांच्या मुळात." मग म्हणाला, "मी धावीच्या सुट्टीत बाबांवांगडा गेल्लंय मा. बाबा सुकाणू धरून मागेच बघीत रवायचे. डोंगर बुडासर, म्हणजे दिसनासो होयपर्यंत. मी एकदा विचारलंय, काय बघतास? तर म्हणाले, तुझी आवस थंय आसतली अजून."

पडद्यातलं पाणी काकीच्या तोंडावर हलत होतं. ती म्हणाली, "आनी मी घराक गेल्लंय." परत म्हणाली, "तीस वर्सां मी घराक गेल्लंय रे."

मी माझी हत्यारं पिशवीत भरली. मला रडू आवरत नव्हतं आणि प्रितमसमोर रडायचं नव्हतं. घाईघाईत स्पिरिटची बाटली तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोसम उघडला. वाळूवरून होड्या पाण्यात ढकलताना बघायला मीही गेलो, उगाच, झोप लागत नव्हती म्हणून. प्रितमची होडी लाटा फोडून बाहेर पडली, बारीक झाली आणि उजाडायच्या राखाडीत दिसेनाशी झाली. बाया पदर खोचून परत वळल्या. काकी वळली नाही. माडांच्या मुळाशी उभी राहिली, रिकामी पाटी पायाशी ठेवून.

तिच्या शेजारी मासे विकायला बसणारी मथुरा अर्ध्या वाटेवरून ओरडली, "गो सत्यवती, होडी कदीच गेली! दिसता काय तुका?"

"माका दिसना नाय," काकी म्हणाली. "तू हो फुडे. डोंगर बुडासर मी हंयच आसंय."

ऊन वर आलं तरी ती तिथेच उभी होती. त्या दिवशी तिच्या गिऱ्हाइकांना मासे उशिरा मिळाले, आणि त्यानंतर रोजच उशिरा मिळत राहिले.